मामाजींच्या बांधीतला गोल्फ

दिवाळी उलटली, लवकर येणारं हलकं धान मिलमध्ये येऊन पडलं आणि गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यातल्या आमच्या गच्चीवर पुन्हा काळी राख उतरू लागली. राईस मिलची धुराडी भुसा जाळतात आणि त्याची राख वाऱ्याबरोबर आमच्या चादरींवर येऊन बसते. सुनंदा, माझी बायको, एकेक चादर झटकत मिलवाल्यांचा उद्धार करते. मी खुर्ची टाकून ऊन खात असतो. उसना म्हणजे उकडा तांदूळ तयार होतानाचा ओला, जड वास गल्लीत भरलेला असतो. नेमका याच दिवसांत, दरवर्षी, मला गोल्फ आठवतो आणि तोंड कडू होतं.

गोंदियात गोल्फ कुठून आला, असं कुणीही विचारेल. गोंदियात तो नाही. तो माझ्या साडभावाच्या गाडीच्या डिकीतून आला. अरविंदराव म्हणजे सुनंदाच्या मोठ्या बहिणीचे यजमान. आयुष्यभर एका कंपनीच्या वसाहतीत साहेब होते, आणि त्या वसाहतीत साहेबांपुरतं गोल्फचं मैदान होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्याच कुडव्यात बंगला बांधला. सामानाच्या ट्रकमधून सगळं आलं, पण ती लांबच लांब चामडी पिशवी त्यांनी स्वतःच्या गाडीतून आणली. तिच्यात काठ्याच काठ्या आणि एक पांढरा हातमोजा. एकच, डाव्या हाताचा. दुसरा हरवला का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तीस वर्षं परीक्षेत कोरा पेपर देणाऱ्या पोरांकडे पाहत आलो. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो.

या खेळात माणूस काय करतो ते एकदा सरळ भाषेत सांगून टाकतो. तो एक बॉल काठीनं लांब मारतो. मग उन्हातून चालत जाऊन तोच बॉल शोधतो. पुन्हा मारतो. शेवटी तो एका भोकात घालतो आणि लगेच वाकून हातानं बाहेर काढतो. याला अरविंदराव साधना म्हणायचे. मोबाईलवर ते तासन् तास व्हिडिओ पाहायचे. त्यात टोपी घातलेला कुणी तरी गोरा माणूस मनगट कसं वाकवायचं यावर इतक्या गंभीरपणे बोलायचा की वाटावं, कुणाच्या तरी ऑपरेशनची तयारी चालली आहे. व्हिडिओ संपला की साहेब हॉलमध्ये उभे राहून, हातात काठी नसताना, काठी फिरवायचे. त्यांच्या बायकोनं शोकेस दुसऱ्या भिंतीला हलवली ती तेव्हाच.

आमचे सासरे, मामाजी, नवेगाव बांधच्या अलीकडच्या एका लहान गावात राहतात. त्यांच्या वाडवडिलांनी त्या भागात तलाव बांधले. कुठल्या उतारावरचं पाणी कुठे अडेल हे त्या घरातल्या माणसांना न मोजता कळतं. तलावाच्या पाळीखाली मामाजींची सात बांध्यांची जमीन. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेला धानाचा तुकडा. पावसाळ्यात पाणी कोंडून धरायचं, म्हणून धुरा. मामाजींना मुलगा नाही. दोन मुली, आणि आम्ही दोन जावई. त्या वर्षी दसऱ्याला सोनं द्यायला गेलो तेव्हा त्यांनी आम्हा दोघांना ओसरीवर शेजारी शेजारी बसवलं.

"मायानं आता होत नाही जी," ते म्हणाले. "गुडघे उठू देत नाही. तुमच्यापैकी कोनी वावर पाहत असन तं ठेवतो. नाही तं देवाजीले ठोक्यानं देऊन टाकतो. होरीपर्यंत सांगा."

वावर म्हणजे शेत, आणि देवाजी त्यांचा शेजारी शेतकरी. ठोक्यानं द्यायचं म्हणजे ठरलेल्या खंडावर वर्षं बांधून द्यायचं, मग स्वतः त्या धुऱ्यावर पाय ठेवायचं कारण उरत नाही. इतकं साधं आणि इतकं मोठं त्यांनी विचारलं होतं. मी म्हणालो, "पाहू ना मामाजी." अरविंदराव म्हणाले, "सोचते हैं, सोचते हैं." आम्ही दोघंही रिकामे होतो. दोघांचेही हातपाय धड होते. दोघांनाही पेन्शन होती आणि दिवस कसा घालवावा हा प्रश्न होता. परतताना गाडीत शेतीचा शब्द निघाला नाही. साकोलीचा रस्ता लागल्यावर अरविंदराव म्हणाले, "कापणी झाल्यावर त्या बांध्या रिकाम्याच असतात ना?"

जावयाला नाही म्हणायचं नसतं, ही आमच्याकडची रीत. जावई आला की आधी त्याच्या पायांवर पाण्याचा लोटा, मग चहा, मग तो बोलेल ते. अरविंदरावांनी कोपऱ्यातली सगळ्यात मोठी बांधी मागितली आणि मामाजींनी दिली. आमच्या भागात धान उभं असतानाच त्यात लाखोरी या कडधान्याचं बी फेकतात. धान कापून होतं आणि खाली लाखोरी हिरवी वर आलेली असते. थंडीत तिला निळी फुलं येतात. त्या वर्षी सहा बांध्यांत लाखोरी पडली आणि सातवी कोरी राहिली. मामाजी बी फेकत फेकत त्या धुऱ्यापर्यंत आले आणि ओंजळ तशीच टोपलीत रिकामी केली, असं सासूबाईंनी नंतर सुनंदाला सांगितलं.

मी का गेलो? अरविंदरावांबद्दल मला जे वाटतं ते वाटत असताना मी दर शनिवार-रविवार त्यांच्या गाडीत का बसलो? निवृत्त माणसाला कुणी हाक मारली की तो जातो, हे एक. दुसरं असं की मला खात्री होती, हा खेळ मी त्यांना शिकवीन. काठीचं टोक वर्तुळात फिरतं, खांदा हे त्याचं केंद्र, वेग त्रिज्येवर अवलंबून. मी फळ्यावर हे हजारदा काढलं आहे. अरविंदरावांना यातलं काही येत नव्हतं. ते म्हणायचे, "डोकं खाली, डावा हात सरळ, वजन उजव्या पायावरून डाव्यावर, बस." मी मनात हसलो, काठी उचलली, फिरवली, आणि बॉल जिथे होता तिथेच राहिला. त्याच्या मागचं मातीचं ढेकूळ मात्र पंधरा हात उडालं. शेजारच्या बांधीत सारसांची जोडी चरत होती. दोघांनी माना वर करून अशी हाक दिली की मला वाटलं, वर्गातून कुणी तरी शिट्टी मारली.

मामाजी धुऱ्यावर बसून हे सगळं पाहायचे. खांद्यावर दुपट्टा, हातात बिडी, पण ती ओढायचं विसरलेले. मी ढेकूळ उडवलं की ते उठायचे, गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू यायचे, ढेकूळ उचलून आणायचे, खड्ड्यात बसवायचे आणि अनवाणी टाचेनं दाबायचे. मी दुसरं उडवलं की पुन्हा. मी एकदा म्हटलं, "राहू द्या मामाजी, आम्ही बुजवतो." ते म्हणाले, "तुमी खेळा जी. मायं काय, मी बसूनच तं राहिलो." आणि आम्ही खेळलो. आज लिहिताना माझ्या कानशिलांना ऊब जाणवते आहे, पण त्या दिवशी काही जाणवलं नव्हतं. बॉल उजवीकडेच का जातो या विचारात मी गढलो होतो.

उजवीकडे जाण्याचं कारण पकड, असं मार्गशीर्षात कळलं. अंगठा काठीवर सरळ नको, किंचित कलता हवा. ते जमलं आणि पहिल्यांदा बॉल सरळ गेला. तलावावरून धुकं उठत होतं, पाळीवरची मोहाची झाडं अर्धीच दिसत होती, गवतातून पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती, आणि तो लहानसा पांढरा ठिपका धुक्यात शिरून नाहीसा झाला. हातांना काही लागलंच नाही. इतका हलका फटका. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. चुलीवर सासूबाईंनी लाखोरीच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी टाकली होती आणि लसणाच्या फोडणीचा वास शेतापर्यंत येत होता. त्या आनंदात मी ती भाजी दोनदा मागून घेतली. कुणाच्या शेतात, कुणाच्या जिवावर, हा विचार डोक्यात आला नाही. आनंदातला माणूस फार मठ्ठ असतो.

"काऊन जी," त्या दुपारी मामाजींनी विचारलं, "भोकात गेला तं मंग बाहेर कायले काढून राहिले?"

"मामाजी, खेल है," अरविंदराव म्हणाले. "फिर से डालना है ना."

"बरं बरं," मामाजी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि भोकात वाकून पाहिलं, आत आणखी काही असेल तर.

लांबचे फटके म्हणजे गोल्फ नव्हे, असं अरविंदरावांचं म्हणणं. खरा खेळ जवळचा. शॉर्ट गेम. शेवटच्या वीस पावलांत माणसाची परीक्षा. छोट्या काठीनं बॉल अलगद उचलायचा, तो थोडा उडायचा, टेकायचा, आणि मग गवतावरून भोकाकडे घरंगळत जायचा. त्यासाठी हिरवळ हवी, आणि हिरवळीला उतार हवा, म्हणजे बॉल वळत जाईल. सपाट हिरवळ म्हणजे शिकाऊ लोकांची, असं ते तुच्छतेनं म्हणायचे. आम्ही ट्रॅक्टर आणला. दोन बाजूंचे धुरे फोडले. बांधीची माती पूर्वेकडे चढवली आणि पश्चिमेकडे उतरती केली. तलावाच्या काठची हरळी कापून तिच्या लाद्या बसवल्या. ट्रॅक्टर धुऱ्यात घुसला तेव्हा मामाजी तिथे होते. बिडी विझवून घरात गेले आणि त्या दिवशी पुन्हा बाहेर आले नाहीत.

"तुम्ही बाबांशी बोलले का?" सुनंदा दर रविवारी संध्याकाळी दारातच विचारायची.

"बोलतो ना."

"होळी येऊन राहिली."

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे? बॉल कसा वळते ते?"

ती चिडली की तिची भाषा तिच्या गावाकडे परत जाते. मी मोजे काढायच्या निमित्तानं खाली पाहत राहायचो.

आणि ते मानसिक प्रकरण! त्याचा तर मला सगळ्यात जास्त वीट आला होता. फटका मारण्याआधी बॉलच्या मागे उभं राहायचं, खोल श्वास घ्यायचा, बॉल कसा जाईल ते डोळ्यांपुढे आणायचं, दोनदा काठी हवेत हलवायची, मग मारायचा. दर वेळी हेच, एकही पायरी चुकवायची नाही. आणि फटका चुकला तर तो तिथल्या तिथे विसरायचा. "पिछला शॉट भूल जाओ," अरविंदराव म्हणायचे, "मन में कुछ मत रखो." मी म्हटलं, तुमच्या मनात आधीपासून काय होतं जे आता काढायचं आहे? त्यांना राग आला नाही. राग न येणं हाही म्हणे त्या साधनेचाच भाग. असं सोयीचं अध्यात्म मी दुसरं पाहिलेलं नाही. आपण केलेलं आपणच विसरायचं, वर त्याला शिस्त म्हणायचं.

संक्रांतीच्या सुमारास आम्ही दोन आठवडे गेलो नाही. अरविंदरावांकडे नातू आला होता आणि मला सर्दी झाली होती. मग एका शनिवारी पोचलो तर आमची हिरवळ नव्हती.

म्हणजे बांधी होती. पण उतार नव्हता. पूर्व आणि पश्चिम एक झाली होती. फोडलेले धुरे पुन्हा बांधले होते, धारेला धार लावून, आणि आम्ही आणलेल्या हरळीच्या लाद्या धुऱ्यांवर उभ्या थापल्या होत्या, माती वाहू नये म्हणून. आत बोटभर पाणी उभं होतं. या कोपऱ्यात जेवढं, त्या कोपऱ्यातही तेवढंच. मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो की स्थिर पाण्याचा पृष्ठभाग सपाट असतो. खालची जमीन इतकी सपाट असलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. मामाजी धुऱ्यावर पाय सोडून बसले होते. पोटऱ्या चिखलानं भरलेल्या, धोतराचा मागचा भाग सगळा मातीनं माखलेला.

"ये क्या हो गया?" अरविंदराव जवळजवळ ओरडले. "मामाजी, सगळा उतार गेला!"

"गेला ना!" मामाजी म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "पाटाचं पानी घेतलं. जिथं माती उघडी पडे ते उंच, जिथं बुडे ते खोल. उंचावरची वढून खोलात टाकली. गुडघे तं वाकत नाही, मंग बुडावरच सरकत सरकत केलं. आठ दिस लागले."

"पण कशाला?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत लाज होती, लहान मुलाच्या नजरेत, कुणाला सांगू नये ते सांगताना असते तशी. "तुमी दोघं कसे हप्त्याच्या हप्त्याले येऊन राहिले. थंडीत, धुक्यात. जवायाचं मन वावरात लागलं, असं मी तुमच्या सासूले म्हणलं. मंग म्हणलं, हीच बांधी मोठी, पाटाले लागून. मिरगात पऱ्हे इथंच टाकू. जवायाले कायची तकलीफ नाही झाली पायजे."

पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. मृगात आधी एका बांधीत दाट वाढवायची आणि मग उपटून बाकीच्या बांध्यांत रोवायची. म्हणजे त्यांनी होळीची वाट पाहिली नव्हती. उत्तर त्यांना मिळालं होतं. दोन धडधाकट माणसं दर आठवड्याला साठ-सत्तर किलोमीटर येतात, दिवसभर त्यांच्या मातीत उभी राहतात, माती उकरतात, गवत लावतात, पावलं मोजतात. हे खेळासाठी असेल, हे त्यांच्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं. काठी आणि बॉल हा जावयांचा बहाणा होता. आम्हाला उघड बोलायला संकोच वाटत होता, आणि आमचा संकोच राखून त्यांनी उघड्या पडलेल्या बांधीला पाणी धरायला लावलं होतं.

आणि मी हसलो. आधी मी हसलो, हे लिहून ठेवायला हवं. अरविंदराव नंतर. साडभाऊ म्हणून तीस वर्षांत आमचं एकमत झालं ते तेवढंच.

"मामाजी," मी हसता हसता म्हणालो, "आम्ही इथं पऱ्हे नाही, बॉल टाकायला येतो हो!"

"असं होय," ते म्हणाले. त्यांनी धुऱ्याला हात टेकला, एक पाय उचलला, मग दुसरा, आणि उभे राहिले. आमच्या पायांवर घालायला पाण्याचा लोटा आणायला ते घरात गेले, नेहमीसारखे. लोटा घेऊन आले तेव्हा पाय त्यांचेच चिखलाचे होते आणि आमचे बूट कोरडे.

परतताना गाडीत मी काचेबाहेर पाहत बसलो. अरविंदरावांना कारण कळलं असावं. "छोड़ो यार," ते म्हणाले, "पिछला शॉट भूल जाओ." त्यांच्यापुरतं ते खरंच विसरले. या बाबतीत त्यांची साधना पक्की होती, हे मला मान्य करावं लागेल. मी सुनंदाला सांगितलं नाही. तिला तिच्या आईकडून कळलं. ती भांडली नाही. तिनं फक्त विचारलं, "बाबा बुडावर सरकले, आणि तुम्ही हसले?" आणि ती चादरी गोळा करायला गच्चीवर गेली.

होळीला मामाजींनी काही विचारलं नाही. पुरणपोळी वाढली, तूप वाढलं, आग्रह केला. जेवण झाल्यावर सुपारी कातरत सांगितलं की वावर देवाजीला तीन वर्षांच्या ठोक्यानं दिलं. जसं काही आम्ही विचारलं होतं आणि ते उत्तर देत होते. अरविंदराव "अच्छा किया" म्हणाले. त्या वेळी मला त्यांचा जेवढा तिरस्कार वाटला तेवढा कधी वाटला नव्हता. पण तो वाटून घेणं सोपं होतं. ते निदान खेळाडू तरी होते. मी काय होतो?

आता अरविंदराव मुलाकडे पुण्याला असतात. बाल्कनीत हिरव्या चटईवर बॉल घरंगळवतात आणि त्याचे व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकतात. "फॉलो थ्रू बघा," खाली लिहितात. ग्रुपवर अंगठ्यांची रांग लागते. सुनंदा अंगठा देत नाही. मीही देत नाही, पण व्हिडिओ पाहतो. त्यांची पकड अजून चांगली आहे, अंगठा बरोबर कलता. हे मला दिसतं, आणि दिसतं याचाच राग येतो.

देवाजीचा ठोका या होळीला संपतो. तीन वर्षं मी चादरींवरची राख पाहत बसलो आणि या वर्षी, का कोण जाणे, बसवेना. गेल्या आठवड्यात स्कूटर काढली आणि एकटाच गेलो. गाडीची काच नसली की त्या रस्त्यावरची थंडी वेगळी लागते. हात बधिर झाले होते. शेतात लाखोरी वर आलेली होती, सातही बांध्यांत. कोपऱ्यातली मोठी बांधी इतरांपेक्षा जरा जास्तच हिरवी होती, सगळीकडे सारखी, कुठे दाट कुठे विरळ असं नाही. देवाजी म्हणाला की तिच्यात पाणी असं धरतं की विचारू नका, पऱ्हे दरवर्षी तिथेच टाकतो.

मामाजी ओसरीवर उन्हाला बसले होते. आता काठी लागते त्यांना, बांबूची. मला पाहून उठायला लागले. मी नको म्हणेपर्यंत लोटा आलाच, या वेळी सासूबाईंच्या हातून. चहा झाला. रस्ताभर मी वाक्य तयार करत आलो होतो आणि ते एकदाचं बोलून टाकलं. "मामाजी, होळीपासून वावर मी पाहतो. रोवणीला इथं येऊन राहतो. तुम्ही सांगाल तसं करीन."

त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली.

"कायले जी?" त्यांनी विचारलं. "आता कोनता खेळ आला?"

त्यांच्या चेहऱ्यावर टोमण्याची रेषाही नव्हती. ते जावयाला खरंच विचारत होते, म्हणजे त्या खेळाला लागेल तशी बांधी करून ठेवता येईल.